वळताना दम सोडणारी आठचाकी: एका उभयचर गाडीचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: "सरळ झकास पळते, वळवली की दम सोडते."

गाडी आठ चाकांची, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी. काम कॅनडातल्या उत्तर ओंटारिओच्या जंगलातलं: शरद ऋतूत मूसच्या (एका मोठ्या हरणाच्या) शिकारीचा मुक्काम हलवणं, दलदल तुडवणं, मधलं एखादं तळं तरंगत ओलांडणं. एअर-कूल्ड व्ही-ट्विन पेट्रोल इंजिन, साधा कार्ब्युरेटर, १८ अश्वशक्ती, गव्हर्नरवर (वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेवर) कमाल ३,६०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. इंजिनापुढे पट्ट्याचा आपोआप बदलणारा गिअर, म्हणजे स्कूटरवाले ज्याला व्हेरिएटर म्हणतात तो. त्यापुढे हाय, लो, न्यूट्रल आणि रिव्हर्स असलेला गिअरबॉक्स, त्यातच दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल, आणि दोन्ही बाजूंना चाकांपर्यंत चेन. चाकांवरून चढवायचे रबरी ट्रॅक बसवलेले नव्हते. (अशा गाड्यांवर नेहमी सापडणारे तीन बिघाड एकत्र करून हे नमुना-प्रकरण रचलं आहे. आकडे त्या मापाच्या गाडीला शोभतील असे घेतले आहेत.)

आमच्याकडे येण्याआधी गाडीवर बराच खर्च झाला होता. कार्ब्युरेटर दोनदा साफ, मोठा जेट, नवा पट्टा, नवे प्लग. तरी तक्रार होती तिथेच, आणि आता गिअरबॉक्स उघडायची भाषा सुरू होती.

वळणाला एवढी ताकद का लागते

या गाडीला स्टिअरिंगने वळणारी चाकं नाहीत. डावं हँडल ओढलं की गिअरबॉक्सच्या डाव्या आउटपुट शाफ्टवरची डिस्क ब्रेक धरते, डावी चारही चाकं मंदावतात किंवा थांबतात, आणि डिफरन्शियलमुळे उजवी बाजू जोरात फिरते. शेतात ट्रॅक्टर एका बाजूचा ब्रेक दाबून बांधाशी वळवतात, तसाच हा प्रकार. ओंटारिओतच १९६७ पासून बनत आलेल्या आर्गो गाड्यांमुळे ही मांडणी सर्वत्र माहीत झाली. ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र वळतात. इथे आठही चाकं सरळच राहतात आणि वळताना आडवी घासत जातात.

ते घासणं किती महाग पडतं याचा हिशेब एकदा कागदावर केला की बाकीचं प्रकरण सोपं होतं. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ७६० किलो. ॲक्सलमधलं अंतर साधारण ६३ सेंमी, म्हणजे गाडीच्या मध्यापासून आतले दोन ॲक्सल ३२ सेंमीवर आणि टोकाचे दोन ९५ सेंमीवर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर. गवताळ जमिनीवर आडवं घासण्याचा गुणांक ०.४ धरला, तर गाडी जागच्या जागी फिरवायला दोन बाजूंच्या ओढीत सुमारे ३२० किलोचा फरक लागतो. त्याच जमिनीवर सरळ जाताना पूर्ण गाडीला जेमतेम ७५ किलोची ओढ पुरते. आतली बाजू पूर्ण थांबवून वळायचं तर बाहेरच्या बाजूला सुमारे २०० किलो ओढावे लागतात. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, त्यामुळे गिअरबॉक्सकडे येणारा टॉर्क सरळ जाण्याच्या मानाने पाचपट होतो. काँक्रीटवर हाच आकडा आणखी वर जातो.

म्हणून "सरळ चांगली पळते" या वाक्यातून इंजिन, पट्टा किंवा ब्रेक ठीक आहेत असं काहीच सिद्ध होत नाही. सरळ जाताना गाडी आपल्या कुवतीच्या एक पंचमांशावर चालत असते, आणि तेवढ्यात बरेच आजार झाकले जातात.

आधी आरपीएम बघा

"दम सोडते" हे चार वेगवेगळ्या आजारांचं एकच नाव आहे, आणि त्यांना वेगळं करणारं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर. वळताना आरपीएम चढतो आणि गाडी मात्र थांबते, तर पट्टा घसरतोय. आरपीएम एकदम शून्यावर येतो, जणू कोणी चावी फिरवली, तर वायरिंग बघायचं: हँडल ओढताना ताणली जाणारी वायर, सैल अर्थिंग, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण). आरपीएम हळूहळू खाली येतो आणि इंजिन गुदमरतं, तर दोन शक्यता उरतात. एक तर इंजिन आपली पूर्ण ताकद देत नाही, नाहीतर इंजिनावर त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त भार पडतोय.

मॅक्स नावाच्या अशाच दुसऱ्या गाड्यांमधल्या टी-२० गिअरबॉक्सला हे वर्गीकरण जसंच्या तसं लावू नये. तिथे हँडल ओढल्यावर आधी त्या बाजूची ओढ सुटते आणि मग ब्रेक लागतो. हे काम आतले बँड (ड्रमभोवती आवळणाऱ्या पट्ट्या) करतात, आणि बँड सैल असेल तर पट्टा शाबूत असूनही आरपीएम चढतो.

आमच्या गाडीवर सपाट गवतावर, हाय गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटल देऊन, आतली बाजू पूर्ण थांबवून एक-एक चक्कर मारली. थंड असताना डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही वळणांत आरपीएम सुमारे २,४०० वर आला. वीस मिनिटं चालवून तीच चाचणी पुन्हा घेतली, तर उजव्या वळणाला २,४०० च राहिला, डाव्या वळणाला १,९०० वर येऊन इंजिन बंद पडलं. पट्ट्याचा जळका वास नाही, धूर नाही.

या चार आकड्यांत तीन गोष्टी दडल्या होत्या. थंड असतानाही दोन्हीकडे २,४०० म्हणजे कमीच, तेव्हा दोन्ही वळणांना सारखा भोवणारा एक दोष नक्की आहे. गरम झाल्यावर फक्त डावं वळण बिघडतं, म्हणजे दुसरा दोष एकाच बाजूचा आणि उष्णतेने वाढणारा. डाव्या वळणाला सगळं ओझं उजवी बाजू वाहते, तेव्हा संशय उजव्या बाजूवर. कार्ब्युरेटरला डावं-उजवं कळत नाही, म्हणून त्याच्यामागे लागण्याचं कारण इथेच संपलं होतं.

तरीही इंजिन रीतसर निर्दोष ठरवणं भाग होतं. इंजिन दबलेलं असताना चोक अर्धा ओढला. पेट्रोल कमी पडत असेल तर अशा वेळी आरपीएम उचलतो. इथे उलट काळा धूर आला आणि इंजिन आणखी दबलं, त्यामुळे पंप, फिल्टर आणि टाकीचा व्हेंट बाजूला पडले. (त्या मोठ्या जेटची गरज नव्हती. मूळ मापाचा परत बसवला.) मग न्यूट्रलमध्ये, पूर्ण वेगावर, स्पार्क टेस्टर लावून एका वेळी एक सिलिंडर बंद केला. दोन्ही वेळच्या आरपीएममधला फरक ४० भरला. ७५ पर्यंतचा फरक चालतो, दोन्ही सिलिंडर सारखंच काम करतात असं समजायचं. व्ही-ट्विनवर ही चाचणी कधी चुकवू नये, कारण एक सिलिंडर अर्धमेला असलेलं इंजिनही सरळ रस्त्यावर ऐटीत चालतं. कॉम्प्रेशन गेजवर मात्र फार विसंबू नका. स्टार्ट सोपा व्हावा म्हणून यातल्या बऱ्याच इंजिनांत कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे आकडा कमीच दिसतो.

हवा

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आधी. या टायरांत हवा साधारण २ ते ५ पीएसआय असते. मोटारीच्या गेजला एवढा दाब वाचताच येत नाही, त्यासाठी ० ते १० पीएसआयचं वेगळं गेज लागतं. टोकाच्या दोन्ही ॲक्सलना ५ आणि मधल्या दोन्हींना ३ निघाले. कारण उघड आहे: हवा भरणारा पुढची आणि मागची चाकं आधी भरतो, मधली चाकं कोणाच्या नजरेत येत नाहीत.

नेमकं उलट हवं. टोकाची चाकं मध्यापासून लांब, त्यांच्यावर जितकं वजन तितकं वळणं जड. सगळं वजन मधल्या दोन ॲक्सलवर आलं असतं तर वरच्या हिशेबातला ३२० चा आकडा निम्म्यावर उतरला असता. प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण दिशा तीच. मधल्या चारी चाकांत ४.५ आणि टोकाच्या चारींत ३ ठेवले. फरक दीड पीएसआयच्या पलीकडे नेऊ नये, कारण एका बाजूची सगळी चाकं चेनने जोडलेली असतात आणि एकाच वेगाने फिरतात. चाकांचे घेर वेगळे झाले की ती आपसांत भांडतात आणि चेन ताणली जाते. म्हणून हवा भरल्यावर टेप घेऊन घेर मोजणं बरं, निदान डाव्या-उजव्या जोडीचा तरी सारखा असावा.

पुन्हा गरम गाडीवर चक्कर. उजवीकडे २,७००. डावीकडे २,१५०, आणि इंजिन आता बंद पडत नव्हतं.

उजवा ब्रेक

इथे गाडी जॅकवर घेतली. स्टँड लावायचे ते चौकटीच्या लोखंडाखाली, प्लॅस्टिकच्या तळाखाली नव्हे. तो तळ वाकतो, आणि तडा गेला तर पुढच्या तळ्यात पाणी आत येतं.

थंड अवस्थेत गिअर न्यूट्रलला, डाव्या बाजूचा ब्रेक ओढून धरलेला, आणि उजव्या टायरच्या कडेला पट्टी गुंडाळून ती स्प्रिंगकाट्याने ओढली. ११ किलोवर चाक फिरलं. मग उलट, डावी बाजू मोजली: ८ किलो. विरुद्ध बाजूचा ब्रेक धरायचा विसरू नये. न धरल्यास डिफरन्शियल ओढ वाटून टाकतं आणि मोजमापाला अर्थ राहत नाही. ११ आणि ८ मध्ये शंका घेण्यासारखं काही नव्हतं, आणि गॅरेजमध्ये थंड गाडी तपासणाऱ्याला ब्रेक निर्दोष दिसला तो यामुळेच.

वीस मिनिटं चालवून, हँडलला शक्य तितका कमी हात लावून परत आणली. डिस्कवर काळ्या रंगाचा ठिपका आधीच दिला होता, कारण चकचकीत पोलादावर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटं, कमी तापमान दाखवतो. डावी डिस्क ५० अंश, उजवी १६५. स्प्रिंगकाटा डावीकडे तसाच ८, उजवीकडे ५५. बोलता बोलता चालवणाऱ्याने सांगितलं की गाडी गरम झाली की थोडी उजवीकडे ओढते, आणि तो मधूनमधून डावं हँडल टिचकी मारल्यासारखं ओढून ती सरळ ठेवतो. एवढं सवयीचं झालं होतं की तक्रारीत सांगायचंही सुचलं नव्हतं.

ब्रेक धरून राहतोय हे ठरलं, पण का? गाडी गरम असतानाच उजव्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीड स्क्रू, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, अर्धा फेरा सोडला. तेलाची छोटी पिचकारी उडाली आणि स्प्रिंगकाटा ५५ वरून १२ वर आला. हा एक स्क्रू दोन शक्यतांचा निकाल लावतो. कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या असत्या, तर तेल सोडूनही चाक जडच राहिलं असतं. चाक मोकळं झालं, म्हणजे पाइपात दाब कोंडलेला होता आणि दोष वर, मास्टर सिलिंडरच्या (हँडल ओढल्यावर तेलाला दाब देणाऱ्या भागाच्या) बाजूला किंवा होजमध्ये, म्हणजे तेलाच्या नळीत. मग स्क्रू बंद केला, ब्रेक पुन्हा गरम होऊ दिला आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल केला. तिथेही दाब सुटला, म्हणून होजही निर्दोष ठरला.

उरला मास्टर सिलिंडर. त्याच्या टाकीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. हँडल सोडलेलं असताना ते उघडं हवं, म्हणजे गरम होऊन फुगलेलं तेल टाकीत परत जातं. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर त्याचा वायसर हे भोक झाकून ठेवतो. मग तेल तापतं, फुगतं, जायला जागा नसते, पॅड डिस्कला आणखी दाबतात, डिस्क आणखी तापते. वीस मिनिटांत १६५ अंश त्यातून येतात.

भोक उघडं आहे का हे डोळ्यांनी दिसतं. टाकीचं झाकण काढायचं, हँडल अगदी हलकेच ओढायचं आणि तेलाच्या पृष्ठभागाकडे बघायचं. उघड्या भोकातून ओढीच्या सुरुवातीलाच बारीक कारंजं उसळतं. (डोळ्यांना चष्मा हवा, ब्रेक ऑइल रंगही उडवतं.) डाव्या टाकीत कारंजं स्पष्ट उडालं. उजवीत पृष्ठभाग नुसता शांत.

कारण साधं निघालं. उजवे पॅड झिजल्यावर हँडल खूप आत येऊ लागलं, म्हणून कोणीतरी पॅड बदलण्याऐवजी पुशरॉडचा (हँडलचा जोर पिस्टनला देणाऱ्या दांडीचा) स्क्रू आत घेत गेला. हँडल वर आलं, पण पिस्टनची मागे येण्याची जागा संपली. झिजलेले पॅड जोडीने बदलले (ते नेहमी जोडीनेच बदलावेत). स्क्रू इतका बाहेर घेतला की हँडलच्या टोकाला ५ मिमी सुटी चाल राहिली, आणि कारंजं दिसू लागलं. तेल पूर्ण बदललं, तेही टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच. गरम अवस्थेत स्प्रिंगकाटा आता ९. डावीकडची चक्कर: २,७००. दोन्ही वळणं सारखी झाली.

पुली

बरेच जण इथे थांबले असते, कारण गाडी आता बंद पडत नव्हती. पण ३,६०० चं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर २,७०० ला अडकतं, म्हणजे त्याला हवा तो गिअर मिळत नाही. व्हेरिएटरचं काम भार वाढला की आपोआप खालचा गिअर देणं हेच. मागच्या पुलीत उतरत्या कडांचा एक कॅम असतो. भार आला की कॅम पुलीच्या दोन थाळ्या एकमेकींकडे दाबतो, पट्टा मागच्या पुलीत बाहेरच्या घेरावर चढतो आणि इंजिन मोकळं होतं. कॅम अडकला तर पट्टा सरळ रस्त्यावरच्या गिअरमध्येच राहतो.

पुढच्या-मागच्या दोन्ही पुल्यांच्या थाळ्यांवर मार्करने मध्यापासून कडेपर्यंत रेघ ओढली आणि फक्त वळणाची चाचणी घेतली. पट्टा जिथे घासतो तिथली शाई पुसली जाते. मागच्या पुलीवर शाई मधल्या भागातच पुसली होती, कडेची रेघ कोरीच. पट्टा वर चढतच नव्हता.

पट्टा उतरवून मागची पुली हाताने पिळली. ती गुळगुळीत फिरून सोडताच झटकन परत यायला हवी. ही अर्ध्यावर अडली आणि रेंगाळत परत आली. उघडल्यावर कॅमच्या कडांवर पट्ट्याची काळी भुकटी ग्रीसमध्ये कालवून चिकटलेली. तळ्यात पुली भिजते, गंज नको म्हणून ग्रीस किंवा स्प्रे मारायचा मोह होतो, आणि त्यावर भुकटी बसून लगदा होतो. कॅमवर घासणाऱ्या प्लॅस्टिकच्या गुट्ट्या एका अंगाने सपाट झाल्या होत्या, त्या तिन्ही बदलल्या. स्प्रिंग तुटलेली नव्हती. ती ज्या भोकात अडकवलेली होती त्याची उघडण्यापूर्वीच खूण केली होती, कारण एक भोक चुकलं तरी दाब बदलतो. कडा ब्रेक क्लीनरने पुसल्या, बारीक पॉलिश कापड फिरवलं, आणि कोरड्याच बसवल्या. त्याच क्लीनरने थाळ्यांचे तोंडही पुसलं, नाहीतर उरलेल्या ग्रीसवर नवा पट्टा घसरू लागला असता.

यानंतर दोन्ही वळणांना ३,२५०, थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत. मार्करची रेघ मागच्या पुलीत कडेपर्यंत पुसली गेलेली.

गिअरबॉक्स का उघडला नाही

तीन गोष्टींमुळे. वळताना आतून खडखड नव्हती. काढलेलं तेल स्वच्छ होतं, ड्रेनच्या चुंबकावर राखाडी पीठ होतं पण पोलादाचे कण नव्हते. आणि मुख्य म्हणजे, डिफरन्शियल बिघडलं तर ते आवाज करतं किंवा एका बाजूची ओढ सोडतं, इंजिनाला गुपचूप दाबून धरत नाही. वळण जड झालं की लोक आधी गिअरबॉक्सवर बोट ठेवतात, आणि सगळ्यात महाग काम विनाकारण अंगावर घेतात.

गाडी परत देताना

जंगलात परत नेताना चालकाला तीनच सूचना दिल्या. दलदलीत किंवा चढावर घट्ट वळण घ्यायचं तर आधी लो गिअर, कारण हाय गिअरमध्ये चांगल्या पुलीलाही ते जड जातं. पुढे ट्रॅक बसवले तर वळणं लोमध्येच. पाण्यातून बाहेर आल्यावर वळताना आरपीएम चढून गाडी थांबली, तर ते ओल्या पट्ट्याचं लक्षण: न्यूट्रलमध्ये इंजिन थोडा वेळ वेगाने फिरवून पट्ट्यावरचं पाणी उडवायचं आणि मगच पुढे जायचं. आणि उजवं हँडल पुन्हा खोल जाऊ लागलं, तर पुशरॉडला हात न लावता आधी पॅडची जाडी बघायची. मागच्या पुलीच्या झाकणाच्या आत मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: "ग्रीस नको."